हा वण शिंगाचा नव्हे

आमच्या आबांना राग यायचा म्हणजे काय यायचा, ते बघायलाच पाहिजे होतं. आधी कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि मग हाताला लागेल ते उडायचं. दुधाची चरवी, वैरणीचा विळा, पायातलं पायताण. कसबा बावड्यात आमचा म्हशींचा गोठा होता, आणि गल्लीतले लोक म्हणायचे, ह्यांची म्हसरं गरीब आणि मालक मारका. आबांच्या कानावर ते गेलं की त्यांना उलट बरंच वाटायचं.

आईच्या डाव्या भुवईत एक वण होता. मी लहान असताना एकदा आंघोळीचं पाणी जरा जास्त तापलं. आबा एवढंच म्हणाले, "लई कढत हाय," आणि हातातला पितळी तांब्या तिच्या तोंडावर फेकून मारला. तेव्हापासून आई बादलीत गार पाण्याचं विसण घालायची, कोपर बुडवून बघायची आणि मगच त्यांना हाक मारायची. अंगात ताप असला, घरी पावणं आलेलं असलं, तरी हे चुकायचं नाही. आबांनी आयुष्यात कधी स्वतःच्या हातानं विसण घातलं नव्हतं.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. आठवडाभर आधीपासून त्यांची अंगं भादरायची, तेल लावून चकचकीत करायची, शिंगं रंगवायची, त्यांवर मोरपिसं बांधायची, गळ्यात घुंगरांचा पट्टा. मग सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढं आणि मालकाच्या हाळीवर म्हैस मागं. आबांना मोटारसायकलीचा तिटकारा. "फटफटीच्या मागं कुणाची बी म्हस पळंल. मालकाच्या मागं पळाय पायजे," म्हणायचे आणि स्वतः पुढं पळायचे, धोतर खोचून, हाळी देत. पन्नाशी जवळ आलेला माणूस, पण रस्त्यावर उतरला की तरण्या पोरांना मागं टाकायचा. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला त्यांचा लई अभिमान वाटायचा. बाकीच्या वेळी मला त्यांची भीती वाटायची आणि भीतीपेक्षा राग जास्त यायचा. माझा स्वभाव त्यांच्यावरच गेलाय.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. मी हायस्कुलात होते. त्या पाडव्याला म्हैस आधी कुणाची सुटायची यावरून चौकात जुंपली. आबांनी एकाला टाळक्यानं ढुशी दिली, त्याचं नाक फुटलं, त्याच्या भावानं काठी काढली, मग चार माणसांनी मध्ये पडून सोडवलं. त्याच तावात आबांनी म्हैस सोडली आणि पळाले. अर्ध्या रस्त्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. म्हैस बुजली, आबा तिला आवरायला मागं वळले, तोच तिनं मान फिरवली आणि तिचं लांब शिंग आबांच्या छातीवर डाव्या अंगाला बसलं. आबा हेलपाटले, पण पडले नाहीत. शेवटपर्यंत पळाले. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

घरी आल्यावर ते गव्हाणीच्या कट्ट्यावर बसले ते उठेनातच. घामानं सदरा पिळून काढावा असा भिजला. दोनदा ओकले. छातीतली कळ डाव्या हातात उतरत होती आणि जबडा आवळून धरल्यागत झाला होता, असं ते दातओठ खात सांगत होते. बघायला गल्लीतले सगळे जमले. त्यातला प्रत्येकजण जन्मभर म्हशींत राहिलेला, प्रत्येकाच्या बरगडीला कधी ना कधी शिंग लागलेलं. सगळ्यांचं एकच मत पडलं, मुका मार हाय. वर दिसत न्हाय, आत बसलाय.

आमच्यात मुक्या माराला डॉक्टर नसतो. आबांची विधवा बहीण, आमची आत्ती, आमच्याकडंच असायची. तिनं आंबेहळद उगाळून कढवली, छातीभर थापली, वर विटेचा शेक दिला, गूळ-हळद घालून दूध पाजलं. अशा दुखण्याला हेच करायचं, हे आम्हाला श्वास घेण्याइतकं पाठ होतं. हृदयाचा झटका हे बंगल्यात राहणाऱ्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसांचं दुखणं. म्हशीपुढं पळणाऱ्या माणसाला तो येतो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

दुसऱ्या दिवशी कळ जरा उतरली आणि आबा काठी घेऊन गोठ्यात शिरले. म्हैस आखूड बांधलेली होती. तिला मान वळवता येत नव्हती, नुसते डोळे पांढरे करत होती. आबांनी तिला तोंडावर मारलं, नाकाडावर मारलं, शिंगावर मारलं. शिंगाचं टोक मोडून लोंबायला लागलं आणि रंगवलेल्या निळ्या शिंगावरून रक्त खाली आलं. मध्येच त्यांना दम लागायचा, ते खाली बसायचे, उठून परत मारायचे. मग त्यांना आठवलं की घुंगरांचा पट्टा आईनं बांधला होता.

"पट्टा ढिला बांधलास म्हणून बुजली ती!"

"अवो, फटाकड्याला बुजली..."

तिचं बोलणं तिथंच तुटलं. पाठ, दंड, मांड्या, कुठं लागतंय हे ते बघत नव्हते. बांगड्या फुटून तिच्या मनगटात घुसल्या. मी धावत जाऊन आबांच्या दंडाला कडकडून चावले. तोंडात खारट चव आली तरी सोडलं नाही. त्यांनी मला झटकलं ती मी उकिरड्यावर जाऊन पडले. आत्ती दारात उभी राहून ओरडत होती, "आरं सोड तिला, आदीच तुला लागलंय!" म्हणजे काळजी तिला आबांचीच.

त्यानंतर आबा पूर्वीसारखे झाले नाहीत. धार काढताना धापा टाकायचे. आडवं पडलं की गुदमरायचे, म्हणून पेंडीच्या पोत्याला टेकून झोपायचे. पाय सुजले. साखर कारखान्याचा सीझन संपला, उन्हाळा लागला, तरी मुका मार काही उतरेना. शेवटी आईनंच हट्ट धरला आणि आम्ही त्यांना कोल्हापुरात हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं. आत्ती बरोबर आली, कारण तिचा आईवर विश्वास नव्हता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आबांना कुशीवर झोपवलं, छातीवर थंड जेल लावून मशीन फिरवायला लागले आणि पडद्यावर आबांचं काळीज दिसायला लागलं. करड्या रंगाचं काहीतरी आवळत होतं, सुटत होतं. डॉक्टरांनी एका जागी बोट ठेवलं.

"हा भाग बघा. बाकीचं सगळं हलतंय, हे हलत नाही. मागं कधीतरी मोठा झटका येऊन गेलाय. रक्त बंद झालं, तेवढं मांस मेलं आणि त्याजागी वण भरलाय. कधी जोरात दुखलं होतं का?"

आई म्हणाली, "पाडव्याला. पर ते म्हशीनं शिंग मारलंतं."

"शिंगानं बरगडी दुखली असेल. हा वण शिंगाचा नव्हे, बाई. रक्ताची नळी तुंबून झालेला आहे."

"वणाला काय लावायचं?" आत्तीनं विचारलं.

"काही लावून जात नाही तो. वण आहे म्हणून हृदयाची भिंत फाटली नाही, एवढंच. पण तो आवळत नाही, ओढत नाही. त्याचं काम आता उरलेल्या हृदयाला करावं लागतंय, म्हणून हा दम."

डॉक्टर पुढं बरंच सांगत होते. पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, मीठ कमी, औषधं कायमची. आईचं तिकडं लक्षच नव्हतं. ती त्या न हलणाऱ्या जागेकडं बघत होती.

"म्हंजे म्हशीनं काय केलं न्हवतं?" तिनं विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. आबांना कळला. ते सदऱ्याची बटणं लावत भिंतीकडं बघत राहिले. घरी आल्यावर आई सरळ गोठ्यात गेली, मोडक्या शिंगाच्या म्हशीपाशी बसली आणि तिच्या गळ्याखाली कितीतरी वेळ खाजवत राहिली. मला वाटलं होतं, आता तरी आबा काहीतरी बोलतील. त्यांनी चहा मागितला, बघा.

डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या पथ्यांतलं एकच आमच्या घरात कडक पाळलं गेलं. ते म्हणाले होते, राग, त्रागा टाळा. हे त्यांनी आबांना सांगितलं होतं, पण आत्तीनं घरी येऊन अर्थ असा लावला की आबांना राग येईल असं बाकीच्यांनी काही करायचं नाही. म्हणजे राग त्यांचा आणि पथ्य आमचं! भाकरी करपली तर, "त्याला राग आणतीस व्हय गं?" म्हैस कमी दुधाला आली तर, "त्येला सांगू नगंस." आबांनाही ते हत्यार बरं सापडलं. जरा कुणी तोंड वर केलं की छातीवर हात ठेवून म्हणायचे, "मारा मला. डाक्टरनं काय सांगितलंय म्हाईत हाय न्हवं?" आणि दम कमी झाल्यामुळं हात काही थांबला नव्हता. मार आखूड झाला, एवढंच. आईनं रडायचंसुद्धा नाही. आत्ती तिच्या तोंडावर हात दाबायची, "गप, आवाज करू नगंस, त्याला तरास हुतो."

कळ आली तर जिभेखाली ठेवायची एक बारीक गोळी दिली होती. ती सतत जवळ पाहिजे. आबांच्या खिशात ती टिकायची नाही, म्हशीला टेकून धार काढताना चिरडायची, भिजायची. म्हणून आई ती पाकिटासकट पदराच्या गाठीत बांधायची. आणि मग हे व्हायला लागलं, जे आठवलं की आजही माझं पित्त खवळतं. आबा आईला मारायचे. मारता मारता कळ यायची. छाती धरून खाली बसायचे. आणि ज्या बाईच्या ओठातून रक्त येतंय, तीच बाई पदराची गाठ सोडायची आणि त्यांच्या जिभेखाली गोळी ठेवायची.

एकदा मी ओरडले, "देऊ नगंस! मरू दे त्यास्नी!"

आईनं आधी गोळी दिली. मग वळली आणि माझ्या अशी कानफटात हाणली की कान बधिर झाला. "मला रांडमुंड करतीस व्हय गं? पुन्यांदा बोललीस तर जीभ हासडून हातात देईन." आबांनी तिला मारलं त्यापेक्षा तिनं मला मारलं ते जोरात होतं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

वर्षं गेली. माझं लग्न होऊन मी मुरगूडला गेले. बावड्यात ऊस होता तिथं अपार्टमेंट उठल्या, शेणाचा वास येतो म्हणून वरच्या मजल्यांवरून तक्रारी यायला लागल्या आणि आबा गॅलरीकडं तोंड करून त्यांच्या आयाबहिणी काढायचे. गोठा आता आईच बघत होती. वैरण, पाणी, धार, सगळं. आबा खाटेवर बसून हुकूम सोडायचे. मोडक्या शिंगाची म्हैस म्हातारी होऊन मेली होती. तिची रेडी मोठी होऊन गोठ्यातली सगळ्यात देखणी म्हैस झाली होती. शिंगं पाठीपर्यंत गेलेली, अंग आरशासारखं.

त्या पाडव्याला मी माहेरी होते. दोन हजारनंतरची ती दिवाळी. सकाळी आईनं आबांना तेल लावलं, विसण घालून, कोपर बुडवून पाणी काढून दिलं, पाटावर बसवून ओवाळलं. त्यांच्या ताटात मीठ नसलेली भाजी वेगळी वाढली. आबा खुशीत होते. आज म्हैस मी दाखवणार, म्हणाले. पळणार नाही, नुसता उभा राहून हाळी देणार. एका जागी उभं राहून मालकानं हाळी द्यायची आणि गर्दीतून म्हशीनं त्याच्याकडं यायचं, पुढचे पाय उचलून दाखवायचे, यातही मोठा मान असतो.

चौकात माणूस मावत नव्हतं. म्हैस पलीकडच्या टोकाला धरलेली. आबा मधोमध उभे राहिले, फेटा बांधलेले, आणि त्यांनी हाळी दिली. ती निम्म्यातच तुटली. श्वासच पुरला नाही. म्हैस कान हलवत उभी राहिली. आबांनी परत हाळी दिली, आवाज चिरका निघाला. म्हैस बावरून इकडं तिकडं बघायला लागली. आई माझ्याशेजारी बायकांच्या घोळक्यात होती. ती रोज वैरण टाकताना म्हणायची तसं तिच्या तोंडून हळूच निघून गेलं, "ये गं, ये बाय."

म्हशीनं मान वळवली. ती सुटली ती माणसं बाजूला पाडत आबांच्या शेजारून गेली, थेट आईपुढं येऊन उभी राहिली आणि तिनं आपलं थोबाड आईच्या पोटात खुपसलं. सगळा चौक हसला. एकजण ओरडला, "म्हस वैनीची हाय ओ! तुमी नुसतं फेटा बांदून हुबं ऱ्हावा!"

आबांनी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्यानं उलटा हात उचलला, पण दुसऱ्यांनी त्याला धरलं. "जाऊ दे, हार्टचा पेशंट हाय त्यो." मारलं असतं तरी आबांना चाललं असतं. हे चाललं नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला एवढ्या लांबून दिसल्या.

आई म्हशीला घेऊन घरी आली, तिला खुंट्याला बांधत होती. आबा मागून आले. कोपऱ्यातली काठी घेतली. पहिला फटका आईच्या खांद्यावर बसला, दुसरा मनगटावर. मी मध्ये गेले, तर मला कोपरानं तोंडावर मारलं, माझा ओठ फुटला. "माझी म्हस पळवतीस? माझ्या गल्लीत मला हसवतीस?" तिसऱ्यांदा काठी वर गेली आणि वरच राहिली. आबांचं तोंड उघडं पडलं. ते मागं सरकत गव्हाणीच्या कट्ट्यावर बसले. डावा हात छातीवर, उजव्या हातात काठी तशीच घट्ट.

आईचा हात सवयीनं पदराकडं गेला. मनगट सुजलं होतं, म्हणून तिनं गाठ दातानं सोडली. गोळी तळहातावर घेतली. त्यांच्यासमोर गेली आणि थांबली.

"आदी काठी टाका," ती म्हणाली.

आबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी तोंड पुढं केलं. आईनं मूठ मिटली.

"काठी टाका. मग गोळी."

आत्ती छाती पिटत धावली. "आगं मरंल की त्यो! कसाबीन हाईस का काय?"

"मग टाका म्हणावं त्यास्नी."

आबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. घाम हनुवटीवरून टपटपत होता. पण डोळे तसेच, मारायला उठलेल्या माणसाचे. काठीवरची मूठ त्यांनी आणखी आवळली. ज्या माणसानं मरावं म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं, तो माझ्यासमोर मरत होता, आणि माझ्याच तोंडून किंचाळी फुटली, "आई, दे की गं! दे!"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. मला मारलंही नाही. तिची नजर त्यांच्या उजव्या हातावर होती. मला तिची भयंकर भीती वाटली, आबांची कधी वाटली नव्हती एवढी. ती खरंच देणार नव्हती. आबांनाही ते त्याच वेळी कळलं असावं, कारण त्यांचे डोळे बदलले. त्यांत पहिल्यांदाच भीती दिसली.

काठी शेणात पडली.

आईनं आधी काठीवर पाय ठेवला. मग वाकली, म्हणाली, "आ करा," आणि गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. पदरानं त्यांचा घाम पुसला. त्या सगळ्यात तिनं एकदाही अरेतुरे केलं नाही, आवाज चढवला नाही. आबांचा श्वास हळूहळू परत आला. आत्ती भिंतीला टेकून हमसत होती. तिच्या तोंडावर हात दाबायला कुणी गेलं नाही.

सकाळी भाऊबीज. मी उठले तेव्हा आई न्हाणीतल्या चुलीपुढं बसली होती. मनगटावर आंबेहळदीचा लेप. काठीचे तुकडे करून तिनं चुलीत सारले होते, चांगली वाळलेली काठी, धडधडा पेटली होती. त्यावर आबांच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. ते उकळी फुटेपर्यंत तापू दिलं, बादलीत ओतलं आणि हाक मारली. कोपर बुडवलं नाही.

आबा आले. खाली बसले. बादलीत बोट घालून झटक्यानं मागं घेतलं.

"लई कढत हाय," ते म्हणाले.

पितळी तांब्या त्यांच्या हातात होता. मी दारात उभी होते. आईनं मागं वळून बघितलं नाही. निखारे पुढं ओढत म्हणाली, "मग इसण घ्या."

आबांनी हातातल्या तांब्याकडं बघितलं. मग त्यांनी हात लांब केला आणि तांब्या गार पाण्याच्या घागरीत बुडवला.